तुम्ही विचारलंत म्हणून: फायबरच्या होडीच्या पोटात काय घालायचं?

एप्रिल संपत आला की विचारणा सुरू होते. कुणाच्या होडीचा ट्रान्सम (इंजिन टांगायची मागची भिंत) इंजिन सुरू केलं की हलतो, कुणाचं डेक पायाखाली दबतं, कुणी स्ट्रिंजरला (तळाला आतून ताठ ठेवणाऱ्या लांब पट्टीला) भोक पाडलं तर आतून काळं पाणी गळतं. उघडून बघावं तर वरचं फायबर ठणठणीत आणि आतलं लाकूड बोटांनी कुस्करता येईल असं. मग प्रश्न येतो: आता परत प्लाय घालू, फोम घालू, की बाल्सा नावाचं ते हलकं लाकूड?

एकच नाव ऐकायची तयारी करून आलेल्यांची मी थोडी निराशा करतो. ट्रान्सममध्ये प्लाय, स्ट्रिंजरमध्ये मिळेल तो बरा फोम आणि डेकमध्ये पीव्हीसी फोम, हे माझं उत्तर. होडी एकच असली तरी तिन्ही ठिकाणी गाभ्याचं, म्हणजे फायबरच्या आत भरलेल्या मालाचं, काम वेगळं आहे. काम बघायचं आणि मग माल निवडायचा.

सगळ्यात सोपा स्ट्रिंजर. इथे गाभ्याकडून ताकदीची अपेक्षाच ठेवू नका. टोपीच्या आकारात वरून जी काच, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड, चढते तीच सगळा भार घेते. आतला फोम म्हणजे ती काच सुकेपर्यंत तिला आकार देणारा साचा, एवढंच. म्हणून इथे महागडा फोम घेणं मला पटत नाही, पीयू (पॉलियुरेथेन) फोम पुरतो. फक्त थर्माकोल नको. नेहमीच्या पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन नावाचं रसायन असतं, ते त्याला डोळ्यांदेखत विरघळवतं. फोमच्या कडा गोल करून घ्या, कारण काच काटकोनात वळत नाही, खाली पोकळी राहते. दोन्ही बाजूंना तळावर निदान ५० ते ७५ मिमी काच उतरू द्या. पाणी वाहून जायला स्ट्रिंजरला जी भोकं ठेवता, त्यांना आतून पाइपचा तुकडा बसवून काचेने बंद करा. जुने स्ट्रिंजर बहुतेक तिथूनच पाणी पितात. इंजिनाचे बोल्ट ज्या भागात येतात तिथे मात्र फोम चालणार नाही, तेवढ्या जागी प्लाय किंवा निव्वळ काचेचा ठोकळा हवा.

ट्रान्समचं गणित उलटं. ४० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन शंभर किलोच्या आसपास भरतं, आणि ते नुसतं टांगलेलं नसतं, ढकलत असतं. बोल्ट आवळला की गाभा दोन्ही बाजूंनी दाबला जातो. घनमीटरला ८० किलोचा हलका फोम इथे चेपतो, बोल्ट सैल होतो, भोकातून पाणी शिरतं. प्लाय चेपत नाही, स्वस्त आहे, आणि आपल्याकडच्या कारागिराला त्याची सवय आहे. साधारण ३८ मिमी जाडी लागते, ती दोन-तीन पाट्या रेझिनमध्ये चिकटवून करतात.

प्लाय घेताना दुकानदार ‘मरीन’ म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. पाटीवर आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघा आणि कडेने डोळा लावून आत पोकळ्या आहेत का ते बघा. या मानकात प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याची चिकट तपासतात. ती परीक्षा डिंकाची आहे. लाकडाला औषध मारलेलं असतं, तरी कोंडलेल्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की तेही कुजतं. त्यातही समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं पाणी वाईट, कारण कुजवणाऱ्या बुरशीला खारं मानवत नाही. कोकणातला पाऊस लक्षात घेता हे आपल्या विरोधातच जातं.

अमेरिकेत राहणारे मला कूसा बोर्डबद्दल विचारतात. काचेचे धागे घातलेला जड पीयू फोम आहे तो, घनमीटरला चारशे किलोच्या घरातला, आणि कुजत नाही. हाताशी मिळत असेल आणि परवडत असेल तर जरूर घ्या. फक्त तो प्लायइतका ताठ नसतो, म्हणून मी काचेचा एखादा थर वाढवायला सांगतो.

आता डेक. दोनशे पानांची वही वाकवली की पानं एकमेकांवरून सरकतात, म्हणून ती सहज वाकते. तीच पानं एकमेकांना चिकटवली तर वाकणार नाही. डेकच्या वरच्या आणि खालच्या काचेला असं सरकू न देणं, हे गाभ्याचं काम. त्यासाठी तो जड असायची गरज नाही, दोन्ही काचांना पक्का चिकटलेला हवा. वजनाचा फरक बघा. ४ चौरस मीटर डेकला १२ मिमी गाभा घातला तर प्लाय ३० किलोच्या आसपास जातो, बाल्सा सात, फोम चार. हे वजन पाण्याच्या वर असतं, म्हणजे होडी जास्त डुलते.

बाल्सा हलकं म्हणून कच्चं समजू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाच्या अंगात तेच होतं, आणि आज पवनचक्क्यांच्या पात्यांत आहे. त्याच वजनाच्या आसपासच्या फोमपेक्षा ते दाबाला सरस ठरतं. धागे उभे ठेवून, लहान ठोकळे जोडून लावलेल्या बाल्सात पाणी आडवं सावकाश पसरतं, प्लायमध्ये मात्र थरांमधून लांबपर्यंत जातं. कागदावर बाल्सा जिंकतं. तरी मी आपल्या किनाऱ्यावर ते सुचवत नाही, कारण आपल्याकडे डेकला भोक पाडण्याआधी कुणी विचार करत नाही. आज दिवा, उद्या छत्रीचा पाइप, परवा जाळ्याचा हूक, आणि प्रत्येक स्क्रू थेट गाभ्यात. बाल्साच्या ठोकळ्यांमधल्या फटी रेझिनने भरल्या नसतील तर मग पाण्याला वाट तयारच असते. फोममध्येही पाणी शिरतं, चिकट सुटते, पण निदान तो कुजत नाही.

फोमची कमजोरी ऊन. पीव्हीसी फोम ७० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो, आणि मे महिन्यात गडद रंगाचं डेक तिथवर तापतं. हौसेने गडद निळं डेक रंगवायचं असेल तर फोमचा विचार सोडा. पांढरं किंवा क्रीम ठेवा.

आणि डेकवर काहीही बसवायचं तर आधी मोठं भोक पाडा, आजूबाजूचा गाभा कोरून काढा, घट्ट केलेलं एपॉक्सी (पॉलिस्टरपेक्षा पक्कं धरणारं रेझिन) भरा, सुकल्यावर त्यात बोल्टचं भोक पाडा. याला अर्धा दिवस जातो म्हणून कुणी करत नाही.

कामाची वेळ हा वेगळाच ताप आहे. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, होड्या तेव्हाच वर येतात, म्हणून दुरुस्तीही तेव्हाच काढली जाते. त्या हवेत उघड्यावर ठेवलेल्या प्लायमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास ओल असते, हवी १२ च्या आत. ती ओल तुम्ही स्वतःच्या हाताने काचेत कोंडता. म्हणून ट्रान्समचा प्लाय मे महिन्यातच कापा, त्याला रेझिनचा हात मारा, कडा तर दोनदा, आणि मग पाऊस आला तरी चालेल.

राहिला रेझिनचा खर्च. लाकडाला एपॉक्सी पॉलिस्टरपेक्षा कितीतरी चांगलं धरतं, पण महाग आहे. सगळीकडे परवडत नसेल तर ट्रान्सम आणि बोल्टांची भोकं एपॉक्सीत करा, स्ट्रिंजर पॉलिस्टरमध्ये चालतील. पॉलिस्टरवर घासून एपॉक्सी बसतं, पण सुकलेल्या एपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही. म्हणून पॉलिस्टरचं सगळं काम आधी उरकून घ्या. एपॉक्सीसाठी नेहमीची मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) वापरू नका, तिचे धागे धरून ठेवणारा डिंक सहसा स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो. विणलेलं कापड आणा. आणि एपॉक्सी केलेल्या ट्रान्समवर कारागीर जेलकोट (पॉलिस्टरचाच रंगीत वरचा थर) मारायला निघाला तर त्याला थांबवा, तिथे पेंटच लावा.