ओयदिपौसच्या तिठ्यावर: डेल्फी ते थीब्ज

अथेन्सहून सकाळी निघून डेल्फी बघायचं आणि रात्री परतायचं, हा बहुतेकांचा बेत. देवळापुरता तो ठीक आहे. प्राचीन ग्रीक नाटककार सॉफोक्लीजच्या नाटकातला ओयदिपौस ज्या वाटेनं गेला ती बघायची असेल तर मात्र दिशा उलटी पडते, कारण तो डेल्फीहून थीब्जकडे चालत आला होता. म्हणून जाताना कुठेही न थांबता सरळ डेल्फी गाठावं, रात्री तिथेच मुक्काम करावा आणि थांबायचं ते दुसऱ्या दिवशी, परतताना. अंतर सुमारे १८० किलोमीटर, तीन तास. लिओसिओन स्थानकावरून बस मिळते, पण ती तिठ्यावर, म्हणजे त्यानं नकळत बापाला मारलं त्या तीन वाटांच्या जागी, उभी राहत नाही. त्यामुळे मी भाड्याची गाडीच सुचवेन. (ओयदिपौस हे रूप पु. लं.च्या ‘राजा ओयदिपौस’मुळे आपल्याकडे रुळलंय, तेच वापरतो.)

डेल्फीत आज दिसणारे अपोलोच्या देवळाचे सहा खांब विसाव्या शतकात पुन्हा उभे केलेले आहेत, आणि अवशेष इ. स. पू. चौथ्या शतकातल्या देवळाचे. सॉफोक्लीजच्या काळात इथे याआधीचं देऊळ होतं, ते इ. स. पू. ३७३ मध्ये पडलं. ‘स्वतःला ओळख’ हे प्रसिद्ध वचन कोरलेलं शोधत फिरू नका, ते उरलेलं नाही. देवळावरून चढून नाट्यगृहापर्यंत जा. वाटेतले दगड पायांनी गुळगुळीत झालेत, चपला नकोत. उन्हाळ्यात दहाच्या आत चढ संपवा, वर सावली कमी.

मग आजच्या गावाच्या पश्चिम टोकाला जाऊन खाली बघा. ऑलिव्हची दाट राई आणि तिच्यापलीकडे इतेआचा समुद्र. नाटक समजायला ही जागा देवळाइतकीच महत्त्वाची आहे. ओयदिपौस कॉरिंथच्या राजाराणीचा मुलगा म्हणून वाढला. तिथे मेजवानीत एक दारुडा त्याला म्हणाला, तू बापाचा खरा मुलगा नाहीस. तो डेल्फीला कौल लावायला आला. प्रश्न एकच: माझे आईबाप कोण? देवानं त्याचं उत्तर दिलंच नाही. सांगितलं ते भलतंच: तू बापाला मारशील, आईशी संग करशील. घरी परतायचं तर वाट समोर होती, खाली उतरून होडीनं आखात ओलांडलं की कॉरिंथचा किनारा. त्यानं समुद्राकडे पाठ केली आणि तो पूर्वेच्या डोंगरवाटेला लागला. इथून पुढे कॉरिंथ कुठे आहे ते फक्त ताऱ्यांवरून मोजायचं, असं तो नाटकात म्हणतो. हा माणूस दैवाला आव्हान द्यायला निघालेला नाही. दोन म्हाताऱ्या जिवांना आपल्यापासून वाचवायला निघालाय.

आराखोव्हा दहा किलोमीटरवर. गावातून जाणारा रस्ता अरुंद, सुट्टीच्या दिवशी तुंबतो आणि हिवाळ्यात बर्फ असतो. ते ओलांडून उतार लागला की दिस्तोमोचा फाटा येतो. प्राचीन ‘दुभंगलेली वाट’ याच परिसरात होती. इथे डेल्फी, दाव्लिया आणि थीब्ज या तिन्ही दिशांच्या वाटा मिळत. कोकणात ज्याला तिठा म्हणतात, तो हाच प्रकार. मुख्य रस्त्याच्या कडेला गाडी लावू नका, वळणं आहेत आणि ट्रक वेगात येतात. फाट्याच्या रस्त्यावर थोडं आत जाऊन थांबा. दुसऱ्या शतकात ग्रीक प्रवासलेखक पाउसानियास आला तेव्हा त्यानं लायोस (थीब्जचा राजा, ओयदिपौसचा खरा बाप) आणि त्याच्या सेवकाची दगड रचलेली थडगी पाहिली होती. आता पाहायला आहे ती फक्त जमीन. दोन्हीकडे डोंगर, मधे दरी. समोरून रथ आला तर कुणीतरी एकानं बाजूला व्हायलाच हवं, हे नकाशावर कळत नाही.

लायोस डेल्फीकडे निघाला होता, सोबत चारजण. ओयदिपौसला वाटेतून ढकललं गेलं. त्यानं सारथ्याला ठोसा दिला. म्हाताऱ्यानं रथातून नेम धरून दुहेरी टोकाची पराणी त्याच्या डोक्यात हाणली. आपल्याकडे बैलाला टोचतात ती पराणी. जनावराचं हत्यार माणसावर! पुढच्या काही क्षणांत म्हातारा रथाबाहेर उताणा पडलेला होता.

‘गर्वाचं घर खाली’ असं या नाटकाचं सार सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. शोकांतिकेच्या नायकाच्या चुकीसाठी अ‍ॅरिस्टॉटलचा शब्द आहे हामार्तिया, आणि त्याच्या क्रियापदाचा एक अर्थ नेम चुकणं. नेम चुकतो तेव्हा तिरंदाज पापी नसतो. हुब्रिस ही वेगळी चीज, मराठीत ‘माज’ म्हटलं तर जवळ जातं. अथेन्सच्या कायद्यात दुसऱ्याची मुद्दाम विटंबना करणं हा त्या नावाचा गुन्हाच होता. इ. स. पू. ४७२ च्या ‘पर्शियन्स’ या एस्किलसच्या नाटकातला पर्शियाचा राजा झेरक्सिस त्यात नक्की बसतो: समुद्राला बेडी घातल्यासारखा पूल बांधतो आणि देवांच्या मूर्ती लुटतो. तिठ्यावर मात्र माज कुणाचा, हे पराणी कुणाच्या हातात होती त्यावरून ठरवावं. ओयदिपौस तापट आहे, द्रष्टा तिरेसियास आणि मेहुणा क्रेऑन यांच्यावर तो वाटेल तसे आरोप करतो. पण त्याला जे भोवतं ते त्या तापटपणामुळे नाही, खरं शोधून काढल्याशिवाय न थांबण्यामुळे. त्याची बायको योकास्ता (खरं तर त्याची आई) धीर द्यायला म्हणते, कौल खोटे असतात, लायोसला तर तिठ्यावर दरोडेखोरांनी मारलं. नेमक्या ‘तिठा’ या शब्दानं तो दचकतो. नंतर कॉरिंथचा दूत त्याची भीती घालवायला सांगतो, तू तिथल्या राजाचा पोटचा नाहीस, आणि सगळं उलटतं. पेरिपेतेइयाचं, म्हणजे अशा उलटण्याचं, उदाहरण म्हणून अ‍ॅरिस्टॉटल हाच प्रसंग देतो.

थीब्जला, म्हणजे आजच्या थीवाला, दोन तास पुरतात. इ. स. पू. ३३५ मध्ये अलेक्झांडरनं शहर पाडलं, आणि शहराचा पौराणिक संस्थापक कादमस याचा गड आजच्या घरांखाली आहे. इलेक्त्रा दरवाज्याच्या दोन गोल बुरुजांचे पाये बघा, मग संग्रहालय. नाटकाचा राजवाडा शोधण्यात वेळ घालवू नका. दक्षिणेला दिसतो तो किथेरॉन डोंगर, तान्ह्या ओयदिपौसला टाकून द्यायला नेलं ते याच डोंगरावर.

अथेन्समध्ये डायोनिससचं नाट्यगृह सगळे बघतात. तिथली संगमरवरी आसनं सॉफोक्लीजनंतरची, त्याचे प्रेक्षक लाकडी बाकांवर बसले होते. त्यापेक्षा लारिसा रेल्वे स्थानकाजवळच्या कोलोनोस टेकडीवर अर्धा तास द्या. हे सॉफोक्लीजचं जन्मगाव. आजूबाजूला साध्या इमारती, वर झाडं आणि दोन पुरातत्त्वज्ञांची थडगी. नव्वदीच्या घरात असताना त्यानं दुसऱ्या एका नाटकात, सत्य कळल्यावर स्वतःचे डोळे फोडून आंधळ्या झालेल्या ओयदिपौसला इथे आणलं, आणि तेव्हा तो स्वतःची बाजू मांडतो: मला ठाऊक नव्हतं, मारायला आले म्हणून मारलं, कायद्यानं मी निर्दोष आहे. हे नाटक रंगमंचावर आलं इ. स. पू. ४०१ मध्ये, लेखक गेल्यावर. त्यात ओयदिपौसच्या मरणाची जागा एकट्या थिसियसला, अथेन्सच्या राजाला, कळते, मुलींनाही नाही. तेव्हा टेकडीवर त्याची समाधी विचारू नका.