लॅपलंडपासून सुरुवात : फिनलंडची शाळा आणि आपला कोल्हापूर जिल्हा

फिनलंडच्या शाळांविषयी आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तिथे गृहपाठ नाही, परीक्षा नाही’ असे जे फिरते, त्यातले बरेचसे अर्धवट आहे. येथे गृहपाठ असतो, वर्गात चाचण्याही होतात. नसते ती बारावीच्या टप्प्याआधीची देशव्यापी बोर्डाची परीक्षा. करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या वहिनी फोनवर नेहमी विचारतात की सर्वांसाठी चांगली शाळा या लोकांना जमली कशी. फिनलंडमधल्या तांपेरे शहरात राहून माझे मत असे झाले आहे की सुधारणा कोणत्या केल्या यापेक्षा त्या कोणत्या क्रमाने केल्या, हे अधिक महत्त्वाचे आहे.

साठच्या दशकापर्यंत येथे चौथीनंतरच मुलांची वाटणी होत असे. काही मुले फी भरून माध्यमिक शाळेत जात, बाकीची कामधंद्याच्या वाटेला लागत, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे भवितव्य घरच्या ऐपतीवर व शाळेच्या अंतरावर ठरून जाई. १९६८ मध्ये संसदेने कायदा करून सर्वांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा ठरवली. तिची अंमलबजावणी १९७२ मध्ये उत्तरेच्या लॅपलंडमध्ये सुरू झाली आणि दक्षिणेकडे सरकत १९७७ मध्ये हेलसिंकीच्या परिसरापर्यंत पोहोचली. जेथे शाळा विरळ होत्या तेथून आरंभ झाला आणि राजधानीचा क्रमांक शेवटी लागला. प्राथमिक शिक्षकालाही विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी हवी, हा नियम १९७९ मध्ये आला. शाळा तपासणी आणि पाठ्यपुस्तकांची सरकारी मंजुरी मात्र नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे हे नवे शिक्षक वर्गांत रुळल्यानंतर थांबली.

आपण हा क्रम उलटा केला, असे मला स्पष्टपणे वाटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही नापास करायचे नाही असे ठरले. विचार योग्यच होता, पण मागे पडणाऱ्या मुलाजवळ बसणारा माणूस शाळेला मिळाला नाही. अखेर २०१९ मध्ये कायदा बदलून पाचवी व आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना देण्यात आली.

तो माणूस येथे मी जवळून पाहिला आहे. पहिलीच्या वाचनपुस्तकात लांब शब्द लहान रेघांनी तोडून छापलेले असतात, म्हणजे मूल एकेक तुकडा उच्चारत पुढे जाते. माझी मुलगी त्या रेघांपाशीच अडखळू लागली, तेव्हा कोणताही दाखला, कोणताही अर्ज न मागता शाळेतल्या विशेष शिक्षिका तिला आणखी दोघा मुलांसह शेजारच्या खोलीत नेऊ लागल्या. त्या बोटाखाली एक तुकडा झाकत, दुसरा वाचायला लावत, मग बोट उचलत. वाचन सुधारल्यावर ती पुन्हा पूर्ण वेळ वर्गात बसू लागली, आणि तिला कोणी ‘कच्ची’ म्हटल्याचे मी ऐकले नाही.

वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, असं बसायला मलाही आवडेल, पण ऑनलाइन माहिती कोण भरणार?” पोषण आहाराची नोंद, ‘यूडायस’ या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीची माहिती, मतदार याद्यांचे काम, हे सगळे शिकवणाऱ्या माणसाच्याच डोक्यावर असते. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामे शिक्षकांना देण्याची मुभा तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नेच ठेवली आहे.

फिनलंड लहान देश आहे म्हणून तेथे जमते, हा आक्षेप मला पटत नाही. त्याची लोकसंख्या सुमारे ५६ लाख आहे, तर २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची ३८ लाखांहून अधिक होती. याच भूमीत राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. सक्ती आणि खर्च, दोन्हीची जबाबदारी राज्याने घ्यायची, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

फिनलंडमध्येही सर्व आलबेल नाही. २००६ नंतर ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतले फिनलंडचे गुण घसरत आले आहेत आणि स्थलांतरितांची मुले इतरांच्या बरीच मागे आहेत. त्यावर उपाय म्हणून २०२५ च्या ऑगस्टपासून शिकण्यासाठी मिळणाऱ्या आधाराचे नियम बदलले आहेत; लक्ष पुन्हा त्या शेजारच्या खोलीकडेच आहे. आपल्या जिल्ह्यात अशी पहिली खोली आणि पहिली विशेष शिक्षिका गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्यावस्त्यांवरील शाळांना मिळावी आणि कोल्हापूर शहराने रांगेत शेवटी उभे राहावे, अशी माझी मागणी आहे.