टेबलावर पालथा पडलेला अंक कोणी उचलत नाही

नौपाड्यात आमचं छोटं वाचनालय आहे. दिवाळी अंक यायला लागले की मी ते कपाटात लावत नाही, मधल्या लांब टेबलावर उताणे मांडते. सभासद येतात, सगळ्या टेबलावरून एकदा नजर फिरवतात आणि मग हात पुढे होतो. अनुक्रमणिका त्यानंतर. एखादा अंक कोणी पालथा ठेवून गेलं, की वर दागिन्यांची नाहीतर बँकेची जाहिरात येते आणि तो अंक संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहतो. मी सुलटा केला की जातो.

हात कुठे जातो ते बघायचा मला नादच आहे. साहित्यिक अंकाचा वाचक मुखपृष्ठावर नावं शोधतो. ती छापलेली नसतील तर विचारतो, "काकू, यात कोण कोण आहे?" आरोग्य, पर्यटन, पाककृती वाचणारे विचारतात, "यात काय आहे?" म्हणून पहिल्या प्रकारच्या अंकाला एक चांगलं चित्र आणि खाली चार-पाच लेखकांची नावं पुरतात. दुसऱ्याला विषय मोठ्या अक्षरांत सांगावा लागतो, नाहीतर त्याचा वाचक त्याच्याजवळून निघून जातो. राशिभविष्याचा अंक तर पिवळ्या-लाल रंगावर बारा राशी मांडून मोकळा होतो. त्याला हसणारे पुष्कळ आहेत, पण आमच्याकडच्या आजी तो दारातूनच ओळखतात. मला ते मुखपृष्ठ यशस्वी वाटतं.

ठाणे स्टेशनजवळच्या स्टॉलवर गणित वेगळं. तिथे अंक एकावर एक सरकवून लावलेले, दोरीला चिमट्यांनी टांगलेले. दिसते ती वरची चार बोटांची पट्टी. लोकल पकडायच्या घाईतला माणूस त्या पट्टीवरच ठरवतो. नियतकालिकांची नावं वरच्या कडेला आणि वर्षानुवर्षं त्याच वळणाच्या अक्षरांत असतात ती यासाठी. चित्र दर अंकाला बदलतं, अक्षराचं वळण ओळखीचं राहतं. नवा संपादक आला की आधी नावाचं अक्षर बदलायला निघतो, ते मला अजिबात पटत नाही. जुन्या वाचकाची खूण तेवढीच असते.

दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' काढला. स्वतः चित्रकार असलेल्या माणसाचा अंक तो! आमच्या आजोळी दलाल आणि मुळगावकरांची चित्रं अंकांतून कापून चौकटीत लावलेली होती. घरात रंगीत चित्र येण्याच्या वाटा तेव्हा थोड्या होत्या, त्यामुळे मुखपृष्ठावरच्या देखण्या बाईचं चित्र हीच अंक घेण्याची मोठी ओढ होती. 'आवाज' या विनोदी दिवाळी अंकाने वेगळीच युक्ती केली. त्याच्या खिडकीचित्रात पानाला कापलेल्या चौकोनातून काहीतरी भलतंच दिसायचं, पान उलटलं की मामला साधा निघायचा. म्हणजे वाचकाला हात लावायलाच भाग पाडायचं. एकदा अंक हातात आला की निम्मं काम झालं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'ललित' या पुस्तकांविषयीच्या मासिकासाठी व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी काढलेली मुखपृष्ठं पुस्तकवेड्यांची. साहित्यातल्या घडामोडी माहीत असल्या तरच त्यांतली गंमत पुरती उलगडायची, आणि ज्याला ती उलगडे त्याला अंक आपला वाटायचा.

आज हातात पणती घेतलेली नऊवारीतली तरुणी टेबलावर जागोजागी दिसते. फोटो स्वच्छ, छपाई उत्तम, वर गुळगुळीत लॅमिनेशन. पण ती फक्त दिवाळी आली एवढंच सांगते. अंक कथेचा आहे, विनोदाचा आहे, की उद्योजकांसाठी, याचा पत्ता नाही. आत मेहनतीने जमवलेले लेख असतात आणि ते ज्यांच्यासाठी आहेत त्यांचा हात शेजारच्या अंकाकडे जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं.

त्यात आता मुखपृष्ठ आधी व्हॉट्सॲपवर येतं, अंगठ्याच्या नखाएवढं. बारीक अक्षरं त्यात विरून जातात. कोणते अंक किती मागवायचे हे मीही तेवढ्यावरच ठरवते, म्हणून प्रकाशकांना कळकळीने सांगते: छापायला देण्याआधी मुखपृष्ठ एकदा मोबाईलवर लहान करून बघा आणि एकदा वरची चार बोटं सोडून बाकी झाकून बघा.

आणखी एक. जुने अंक एकत्र बांधताना बाइंडर मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकतात, गठ्ठा जाड होतो म्हणून. आत कथा राहतात, पण त्या वर्षी तो अंक कोणाला हाक मारत होता ते कळायची सोय उरत नाही. आमच्याकडचे खंड आता मी मुखपृष्ठांसकट बांधून घेते, दोन पैसे जास्त गेले तरी. तुमच्या माळ्यावर जुने दिवाळी अंक असतील आणि रद्दीत निघाले असतील, तर वरची पानं शाबूत असलेले आधी आमच्याकडे आणून दाखवा. फाटलेली कड चिकटवून द्यायचं काम माझं.