निवृत्तिनाथांची दाढी

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते आणि त्याआधीचा महिना पंचवटीतल्या माझ्या स्टुडिओत दिंड्यांच्या कामाचा असतो. यंदा सिन्नर तालुक्यातल्या एका दिंडीने रथासाठी नाथांचे नवे चित्र सांगितले, 3 बाय 4 फुटांचे, कॅनव्हासवर, तैलरंगात.

साईबाबांचे किंवा गाडगेबाबांचे काम आले की निदान छायाचित्र समोर असते. तेराव्या शतकातल्या संताच्या बाबतीत तसा कोणताच आधार नसतो. दिंडीच्या कार्यकर्त्यांनी मोबाइलवर यंत्राने तयार केलेले एक चित्र आणले होते. त्यात गुळगुळीत कातडी होती, शुभ्र दाढी होती आणि पाठीमागे हिमालय होता. ज्या ब्रह्मगिरीवर नाथांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाला असे आपण मानतो, तो इथून 30 किलोमीटरच्या आत उभा असताना पूजेच्या चित्रात हिमशिखरे चालतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. मी पहाटे त्र्यंबकला जाऊन कड्याची रेखाटने करून आणली. नाथपंथाची खूण म्हणून कानांत कुंडले घेतली, आणि चित्र वारकऱ्यांच्या रथावर जाणार म्हणून कपाळी गोपीचंदन व बुक्का.

प्रश्न वयाचा होता. संप्रदायात रूढ असलेल्या तिथ्यांप्रमाणे नाथांचा जन्म शके 1195 मधला, म्हणजे इसवी सन 1273 चा, आणि समाधी शके 1219 मधली, म्हणजे 1297 ची. वय अवघे 24. आळंदीला ज्ञानदेव, सासवडला सोपानदेव, मेहूणला मुक्ताई आणि मग त्र्यंबकला ते स्वतः, असे हे सारे आठ महिन्यांच्या आत घडले. धाकट्या तिघांना निरोप देऊन मागे उरलेला थोरला भाऊ मला काढायचा होता, म्हणून चेहरा तरुण ठेवला आणि वय सगळे डोळ्यांत आणायचे ठरवले. डोळ्याचा पांढरा भाग पांढऱ्या रंगाने भरला की डोळा चिनीमातीचा दिसतो. त्यात रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग आणि किंचित निळा मिसळावा लागतो. खालच्या पापणीच्या कडेची ओली रेघ मी तीन वेळा खरवडून काढली, कारण ती केसभर जाड झाली तरी माणूस रडल्यासारखा दिसे, आणि मला रडणे नको होते.

दिंडी निघायला चार दिवस उरले असताना दिंडीचालक आणि वृद्ध विणेकरी चित्र पाहायला आले.

"दाढी कुठंय?" चालकांनी विचारले. "नाथ म्हणजे गुरू. अशा पोरसवदा चेहऱ्यापुढं माणसं माथा टेकतील का, माऊली?"

मी तिथ्या सांगितल्या. ते म्हणाले, "तिथ्या खऱ्या असतील, पण आमच्या बापजाद्यांनी मनात धरलेलं रूप खोटं कसं म्हणायचं?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. विणेकरी बाबांनी तेवढ्यात विचारले, "ज्ञानोबाराय बसले तेव्हा हे केवढे होते?" मी म्हणालो, तेवीस. बाबांनी बोटांवर काहीतरी मोजले, दाराशी जाऊन चपला काढल्या, आणि परत येऊन त्या अपुऱ्या चित्रापुढे खाली डोके टेकवले. बोलले काहीच नाहीत.

चालक मात्र दाढीवर ठाम होते. वरून ॲक्रिलिकने करा, लगेच वाळेल, असे ते म्हणाले. तैलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, पुढे त्याचे पापुद्रे सुटतात, हे मी समजावले. मग सांगितले की जवसाच्या तेलातला टायटॅनियम पांढरा नाशिकच्या या थंडीत आठवडाभर ओला राहील आणि रस्त्याची सगळी धूळ दाढीत बसेल. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो, तेव्हा घालायचीच तर काळसर, पातळ दाढी घालतो. ते नाइलाजाने हो म्हणाले.

यातला शब्द न् शब्द खरा होता. पण कपाटात अल्किड माध्यमाची बाटली होती, आणि ते मिसळले असते तर पांढरा रंगही वेळेत वाळला असता. ते मी बोललो नाही. गिऱ्हाइकाशी कामात लपवाछपवी करणाऱ्या चित्रकारांना मी आजवर तोंडावर बोललो आहे. मला माझा चेहरा वाचवायचा होता की नाथांचा, हे मी रोज स्वतःला विचारतो.

एकादशीनंतर चालकांचा फोन आला की आता सवड आहे, दाढी पांढरी करून द्या, आणि चित्र परत स्टुडिओत आले. वाटेवर लोकांनी दर्शन घेताना नाथांच्या कपाळी बोटाने बुक्का लावला आहे, इतक्यांनी की मी रंगवलेला टिळा खाली झाकून गेला. कपाळावरचा रंग तेव्हा आतून पुरता वाळलेला नव्हता, त्यामुळे बुक्का त्यात रुतला आहे. नवा हात देण्याआधी चित्र स्वच्छ करावे लागते, आणि हा बुक्का टर्पेंटाइनने काढायला गेलो तर खालचे गंधही निघेल. अल्किडची बाटली मी कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे, चालकांना अजून उलट फोन केलेला नाही.