ओखामंडळची बदली: बडोद्याहून बेट द्वारका

आमच्या घरात कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की अजूनही विचारतात, "काय, ओखामंडळला बदली झाली का?" पणजोबा गायकवाड सरकारच्या महसूल खात्यात कारकून होते. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर आणि संध्याकाळची सुरसागर तळ्याची फेरी सोडून त्यांना तीन वर्षं ओखामंडळात काढावी लागली. तिथल्या मचूळ पाण्याबद्दलची त्यांची तक्रार आमच्या घरात चार पिढ्या टिकली आहे. ती तक्रार पडताळून पाहायला या जानेवारीत मी, नवरा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या असे तिघं निघालो. आत्याला अर्थात द्वारकाधीशाचं दर्शन हवं होतं. मला बेट द्वारका पाहायचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बडोदा संस्थान म्हणजे सलग मुलूख नव्हता. फाटलेल्या शालूचे तुकडे गुजरातभर उडावेत तसा तो पसरला होता: बडोदा, नवसारी, कडी, अमरेली. सगळ्यात लांबचा तुकडा म्हणजे सौराष्ट्राच्या पार पश्चिम टोकाचं ओखामंडळ. १८१७ मध्ये ते गायकवाडांकडे आलं, आणि समोरचं बेटही त्यासोबत आलं. पुढे संस्थान विलीन झालं, जिल्हे बदलत गेले, आणि २०१३ पासून हा भाग देवभूमी द्वारका जिल्ह्यात आहे.

आधी जायचं कसं ते. मुंबईहून ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल बडोद्यावरून जाते. इथे मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. गाडी मुंबईहून रात्री निघते आणि बडोद्याला येईपर्यंत बारा वाजून गेलेले असतात, म्हणजे तारीख बदललेली असते. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं म्हणून मी शुक्रवारचं तिकीट काढलं. ती गाडी गुरुवार-शुक्रवारच्या मध्यरात्रीच निघून गेली होती. पैसे गेले, नवऱ्याला आयुष्यभराचा विषय मिळाला. दुसऱ्यांदा तिकीट काढताना तारीख आत्याने तपासली, आणि तीही कालनिर्णय हातात घेऊन. अहमदाबादपर्यंत जायची तयारी असेल तर तिथून वंदे भारतही द्वारकेकडे जाते, पण ती संध्याकाळी सुटते आणि रात्री उशिरा पोचते. गाडीने जाणाऱ्यांनी वासद, तारापूर, बगोदरा, राजकोट, जामनगर, खंभाळिया असा रस्ता धरावा. अंतर पाचशे किलोमीटरच्या वर आहे. एका दमात जाता येतं, पण म्हातारं माणूस सोबत असेल तर राजकोटला किंवा जामनगरला मुक्काम करा.

आम्ही द्वारकेत उतरलो आणि दोन रात्री तिथेच राहिलो. द्वारका ते ओखा साधारण तीस किलोमीटर. वाटेत मिठापूर लागतं. मिठागरांवर उभं राहिलेलं हे गाव, टाटा केमिकल्सचं, १९३९ पासूनचं. त्याआधी ओख्याचं बंदर बडोदा संस्थानाने बांधलं, ते १९२६ मध्ये सुरू झालं. बडोद्यासारख्या समुद्रापासून आत असलेल्या राजधानीला खोल पाण्याचं स्वतःचं बंदर हवं होतं, आणि ते साडेपाचशे किलोमीटरवर का होईना, सयाजीराव महाराजांनी करून घेतलं. पणजोबांनी मचूळ पाणी प्यायलं ते अशा कामांच्या कागदांसाठी असावं, असं मी आत्याला म्हटलं. ती म्हणाली, "त्यांचं पोट बिघडलेलं असायचं, एवढंच मला माहीत आहे."

ओख्यापासून बेटापर्यंतची खाडी पूर्वी बोटीनेच ओलांडावी लागे. आत्या १९८४ मध्ये तशी गेली होती. खच्चून भरलेली बोट आणि डोक्यावर घिरट्या घालणारे कुरव हे वर्णन आम्ही शंभरदा ऐकलं आहे. आता सुदर्शन सेतू आहे. २५ फेब्रुवारी २०२४ ला खुला झाला. लांबी २.३२ किलोमीटर, चार मार्गिका, मधला ९०० मीटरचा भाग केबलवर तोललेला. दोन्ही बाजूंच्या पादचारी मार्गांवर छत आहे, छतावर सौर पॅनेल आणि भिंतींवर गीतेचे श्लोक. गाडीने पाच मिनिटंही लागत नाहीत. माझं ऐकाल तर जाताना गाडीने जा आणि येताना एक बाजू तरी चालत या. चालताना खालच्या पाण्याचा रंग दिसतो: ओहोटीला मातकट, भरतीला हिरवट निळा.

पुलामुळे बोटींचा धंदा बसला. ओख्याच्या जेट्टीवर बोट मिळेल का, कधी सुटेल, हे तिथे जाऊनच विचारावं लागतं. आत्याला पुन्हा एकदा बोटीत बसायचं होतं. मी जेट्टीवर गेले, बोटवाल्याला लाइफ जॅकेटबद्दल विचारलं, त्याने हसून समुद्राकडे हात केला. आम्ही परत फिरलो. जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावात शाळेची मुलं आणि शिक्षिका बुडाल्या, तेव्हापासून बडोद्याच्या माणसाला या बाबतीत थट्टा चालत नाही. बोटीनेच जायचं असेल तर जॅकेट अंगावर चढल्याशिवाय पाय आत ठेवू नका, आणि गर्दी दिसली तर सरळ पूल गाठा.

बेट या नावाची एक गंमत. हिंदी मुलखातून आलेले यात्रेकरू त्याला 'भेट द्वारका' म्हणतात. कृष्ण-सुदाम्याची भेट इथे झाली म्हणून, असं त्यांना सांगितलं जातं. आपल्याला आणि गुजरात्यांना तेवढा आटापिटा करावा लागत नाही, दोन्ही भाषांत बेट म्हणजे बेटच. जुनं नाव शंखोद्धार. इथल्या समुद्रात शंख विपुल. बडोदा दरबाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून ओखामंडळच्या सागरी जीवांची पाहणी करून घेतली होती. मोती, शंख यांतून उत्पन्न किती वाढेल हा सरकारी हिशोब त्यामागे होता. आता हा किनारा कच्छच्या आखाताच्या सागरी अभयारण्याच्या परिसरात मोडतो. तेव्हा प्रवाळ किंवा जिवंत शंख उचलून पिशवीत टाकू नका. तो गुन्हा आहे.

उष्ण कटिबंधातलं बेट म्हटल्यावर डोळ्यांपुढे नारळी-पोफळी येतात. ते चित्र बडोद्यालाच ठेवून या. पाऊस कमी, जमीन खडकाळ, थोर आणि गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, हीच इथली बाग. हिरवं पाहायचं तर किनाऱ्यावरच्या तिवरांकडे पाहा, स्थानिक लोक त्यांना चेर म्हणतात. खरी श्रीमंती पाण्याच्या काठाला आहे, आणि ती ओहोटीलाच उघडी पडते. भरती-ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, त्या दिवसांत पाणी जास्त मागे हटतं आणि खडकांचे सपाट ओटे मोकळे होतात. त्यांतल्या डबक्यांत खेकडे, समुद्रफुलं, छोटे मासे दिसतात. मागे पट्टा असलेल्या चपला घाला. मी कोल्हापुरी घालून गेले होते, त्यातली डावी अजून तिथल्या चिखलात आहे.

खोलात जायची आवड असेल तर आणखी एक. याच बेटाच्या किनाऱ्यावर आणि समोरच्या पाण्यात पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पथकाने १९८० च्या दशकात शोध घेतला. उत्तर हडप्पाकालीन भांडी, तीन डोकी असलेल्या प्राण्याची शंखाची मुद्रा, अक्षरं कोरलेलं मडकं असं बरंच सापडलं. पौराणिक द्वारका सापडली का, हा वाद वेगळा. साडेतीन हजार वर्षांपूर्वी या बेटावर माणसं राहत होती, शंख कापत होती, हे मात्र पक्कं.

मंदिराकडे जाताना रिक्षावाल्याला नवऱ्याने उगाच ऐटीत सांगितलं, "आम्ही बडोद्याचे. हे सगळं आमच्या गायकवाडांचं होतं." रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "तमारा गायकवाड सामे ज तो अमारा मुळू माणेक लड्या हता." म्हणजे, तुमच्या गायकवाडांविरुद्धच तर आमचे मुळू माणेक लढले होते. नवरा गप्प झाला. रिक्षावाला म्हणत होता ते खरंच होतं. ओखामंडळच्या वाघेर जमातीला बडोद्याची सत्ता कधी मानवली नाही. जोधा माणेक आणि त्याचा पुतण्या मुळू माणेक यांच्या पुढारीपणाखाली त्यांनी १८५७ नंतर बंड केलं, बडोद्याची शिबंदी हुसकली आणि द्वारका-बेट ताब्यात घेतलं. ऑक्टोबर १८५९ मध्ये इंग्रजांनी समुद्रातून बेटाच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. हल्ल्यात त्यांचीही बरीच माणसं पडली. वाघेर निसटले, किल्ला उद्ध्वस्त झाला, देवळांचीही हानी झाली. मुळू माणेक १८६८ मध्ये मारला गेला. बडोद्यात हे आम्ही कधी शिकलो नव्हतो. आमच्याकडे खंडेराव महाराज म्हणजे त्यांच्या नावाचं मार्केट, आणि १८६१ मध्ये द्वारकेच्या मंदिराची डागडुजी करणारे राजे. पणजोबांच्या गोष्टीत लोक 'सरकारी माणसाशी धड बोलत नाहीत' असं एक वाक्य यायचं. का बोलत नसतील, ते त्या रिक्षात कळलं. उतरताना त्याने ठरल्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नाही, उलट आत्याचा हात धरून तिला पायरीपर्यंत सोडलं.

त्याआधीची लढाईही समुद्राचीच. १४७३ मध्ये महमूद बेगड्याने द्वारका आणि बेट घेतलं. निमित्त असं झालं की समरकंदच्या एका मौलानाला इथल्या चाच्यांनी लुटलं आणि तो फिर्याद घेऊन सुलतानाकडे गेला. बेटाचा राजा भीम पकडला गेला आणि अहमदाबादेत मारला गेला.

मंदिराला शिखर नाही. ते हवेलीसारखं आहे, चौक आणि दालनांचं. द्वारका हा दरबार आणि बेट हे राहतं घर, अशी समजूत आहे, आणि वास्तूही तशीच घरासारखी वाटते. दुपारी मंदिर बराच वेळ बंद असतं. आम्ही नेमके तेव्हा पोचलो आणि पायरीवर बसून राहिलो. सकाळी लवकर जा. मोबाइल आत नेता येत नाही. आत तांदूळ दान करण्याची पद्धत आहे, सुदाम्याच्या मुठीची आठवण म्हणून. आत्याने पुजाऱ्याला सुनावलं, "तांदूळ नाही हो, पोहे होते!" तो म्हणाला, "बा, पोहेही तांदळाचेच." एवढ्यावर मिटलं. रुक्मिणीच्या दालनापुढे मात्र आत्या बराच वेळ थांबली. आपली विठोबाची गोष्ट इथूनच सुरू होते ना: रुक्मिणी रुसून दिंडीरवनात निघून गेली, देव तिला शोधत पंढरीला आला आणि विटेवरच राहिला. "म्हणजे रुसून निघाली ती या घरातून," आत्या म्हणाली, आणि दाराचा उंबरठा हाताने चाचपून पाहिला.

बहुतेक बसवाले इथून एका तासात माघारी फिरतात. तुम्ही फिरू नका. हनुमान दांडी मंदिर काही किलोमीटरवर आहे, तिथे हनुमान आणि त्याचा मुलगा मकरध्वज एकत्र आहेत. गावात भाई मोहकमसिंगांचा गुरुद्वारा आहे. ते १६९९ च्या पंचप्याऱ्यांपैकी, म्हणजे खालसाची दीक्षा घेणाऱ्या पहिल्या पाच शिखांपैकी एक, मूळचे द्वारकेकडचे. हाजी किरमानींचा दर्गाही आहे. पूर्व टोकाला डनी पॉइंट आहे, तिथे निसर्गशिबिरं भरतात आणि नशीब असेल तर डॉल्फिन दिसतात. आम्हाला दिसले नाहीत. तिकडचा रस्ता खराब आहे, तेव्हा रिक्षाचं भाडं येण्या-जाण्याचं आणि थांबण्याचं मिळून आधीच ठरवा. जेवणाची सोय देवळाच्या आसपासच, साधीच. पाणी सोबत न्या. पणजोबांच्या सन्मानार्थ मी नळाचं एक घोट चाखून पाहिलं. तक्रार कायम.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून येऊ नका. जन्माष्टमीला गर्दी अफाट असते. परतताना वाटेत नागेश्वर आणि गोपी तलाव होतात. गोपी तलावाची पिवळसर माती म्हणजेच वारकऱ्यांच्या कपाळावरचं गोपीचंदन. आत्याने चांगले पाच खडे घेतले, शेजारपाजारी वाटायला. ते खाण्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवू नका. राजकोटपर्यंत आमच्या थेपल्यांना त्याचीच चव येत होती.