‘गो’चं ‘वेंट’ कसं झालं?

इंग्रजी तेव्हा पाचवीपासून सुरू व्हायचं. सरांनी फळ्यावर पहिलं क्रियापद लिहिलं, मोठ्यानं वाचलं, ‘गो’, आणि अख्खा वर्ग खिदळला. आमच्या मालवणी घरांत ‘गो’ ही बायामाणसांना मारायची हाक. ‘खंय चललंस गो?’ सर हसू ओसरेपर्यंत थांबले, रागावले नाहीत.

पुढे आठवीत गो-वेंट-गॉन पाठ करताना मी विचारलं, “सर, प्लेचं प्लेड होतं, मग गोचं गोएड का नाही?”

सरांनी उलट विचारलं, “काल बाजारात गेलास ना? मग ‘जालास’ का नाही म्हणत?”

कौलांवर पाऊस कोसळत होता, त्या आवाजावर आवाज चढवून ते सांगत राहिले. ‘वेंट’ मुळात ‘गो’चं नव्हेच. ‘वेंड’ म्हणजे वळणं, वाट धरणं, त्याचं ते रूप. सेंडचं सेंट, बेंडचं बेंट, तसं वेंडचं वेंट. जुन्या इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ ‘एओदे’ होता. तो मागे पडत गेला आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘वेंट’ त्या जागी पक्का बसला. आता ‘वेंड’ उरलाय तो ‘वेंड वन्स वे’ एवढ्या एका प्रयोगापुरता. आणि आपलं? ‘जातो’ आलं संस्कृत ‘या’ धातूवरून, ‘गेला’ आलं ‘गम्’च्या ‘गत’वरून. दोन वेगळे धातू, संसार एकच. जन्मापासून तोंडात असलेला शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला.

पुढे पोटासाठी भाषांतरं केली, तेव्हा या क्रियापदानं फार दमवलं. रस्ता गावाला जातो, तिथे दोन्ही भाषा जुळतात. वीज जाते, तिथेही. पण इंग्रजीत मासेसुद्धा ‘गो बॅड’, माणूस ‘गो मॅड’. आपल्याकडे मासे खराब होतात आणि माणसाला वेड लागतं. ‘गोइंग टू’ तर आधी खरोखरचं चालत जाणं होतं, काहीतरी करायला निघणं. त्यातूनच पुढे करायचं ते सांगायची रीत तयार झाली. आपण मात्र ‘बोलून गेला’ म्हणतो, तेव्हा माणूस जागचा हललेलाही नसतो. ही खुमारी मला अजून इंग्रजीत धड उतरवता आलेली नाही.

दहावीनंतर मुंबईला निघालो तेव्हा आवशीनं उंबऱ्यावर ‘जातंय’ म्हणू दिलं नाही, ‘येतंय’ म्हणायला लावलं. एस.टी.ला वेळ होता म्हणून शाळेत गेलो. सर व्हरांड्यात वह्या तपासत होते.

“येतो, सर.”

“ये,” ते म्हणाले.