ओरिजिनल लायनिंगचा खोका

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एका मालगुजारी वाड्याच्या कोठ्यात कित्येक वर्षे उभी असलेली, साठच्या दशकातील महिंद्राची जीप पुन्हा चालती करण्याचे काम मागच्या उन्हाळ्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याने हाती घेतले होते. नातवाची वरात त्याच जीपमधून निघावी, अशी वाड्याच्या मालकांची इच्छा होती आणि लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात होते. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शाखेचा निदेशक आहे आणि ब्रेक व क्लच हे माझे शिकवण्याचे मुख्य विषय आहेत. जीपचे मागचे हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, निमुळत्या टोकाच्या टेपर ॲक्सलवर इतके घट्ट बसले होते की ठोकून, तापवूनही ते हलत नव्हते, म्हणून विद्यार्थ्याने मला पुलर, म्हणजे हब ओढून काढायचे अवजार, घेऊन बोलावले. नवतपा लागला होता. सकाळी नऊ वाजताच त्याच्या गॅरेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहवत नव्हते आणि दाराशी ठेवलेला मोठा कूलर पूर्ण वेगाने आत हवा फेकत होता.

पुलरच्या ताणाने हब सुटले आणि चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा गोल ड्रम बाजूला झाला. आत बॅकप्लेटवर, ड्रमला आतून दाबणाऱ्या शूच्या कडांना आणि व्हील सिलिंडरच्या रबरांवर राखाडी भुकटीचा जाड थर होता. मदतनीस पोराने नेहमीच्या सवयीने कॉम्प्रेसरची गन उचलली. मी त्याचा हात धरला आणि विद्यार्थ्याला आधी कूलर बंद करायला सांगितले.

"सर, हवा तर आम्ही रोजच मारतो जी," पोरगा म्हणाला. खरे तर हीच मोठी अडचण आहे. आपल्या भागातील जवळपास प्रत्येक गॅरेजमध्ये ड्रम उघडला की पहिली हवा मारली जाते, कारण काम लवकर होते आणि भाग स्वच्छ दिसतो. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये, म्हणजे शूवर बसवलेल्या घर्षणाच्या पट्टीत, वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्याहून अधिकपर्यंत ॲस्बेस्टॉस असे. हे खनिज तंतुमय असून उष्णता सहन करते, म्हणूनच लायनिंग, क्लच प्लेट, हेड गॅस्केट, एक्झॉस्टची पॅकिंग आणि सायलेन्सरभोवती गुंडाळायची दोरी अशा सगळ्या तापणाऱ्या जागी ते वापरले गेले. त्याचे तंतू उभे चिरत जाऊन इतके बारीक होतात की फुप्फुसापर्यंत पोहोचणाऱ्या तंतूची जाडी तीन मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी असते. ते डोळ्यांना दिसत नाहीत, खोकला आणत नाहीत, वास देत नाहीत आणि हवेत तासन्‌तास तरंगत राहतात; श्वासातून आत गेले, की अनेक वर्षांनी जीवघेणे आजार देऊ शकतात.

विद्यार्थ्याला मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण अर्धवट भीती दाखवून कोणी सवय बदलत नाही. ब्रेक लागताना घर्षणाच्या जागी तापमान इतके वाढते की लायनिंगमधील बहुतेक ॲस्बेस्टॉसचे फोर्स्टराइट नावाच्या दुसऱ्या खनिजात रूपांतर होते, त्यामुळे ड्रममधील भुकटीत मूळ तंतू सहसा थोडेच उरतात. पण थोडे म्हणजे शून्य नव्हे, आणि ड्रमच्या कोपऱ्यात अनेक वर्षे साचलेल्या थरातील कोणता भाग भाजलेला आणि कोणता न भाजलेला, हे गॅरेजमध्ये उभे राहून सांगता येत नाही. रंगावरून, स्पर्शावरून किंवा अनुभवावरून ॲस्बेस्टॉस ओळखू येत नाही. ते प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते. म्हणून जुन्या गाडीचा तापणारा भाग असेल, तर तो ॲस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चालायचे. हा नियम मी वर्गात सांगतो आणि त्या दिवशीही तोच लावला.

कूलर बंद झाल्यावर शेड भट्टीसारखी तापली. तरीही हवा हलू न देणे आवश्यक होते. पोराला आणि बघायला जमलेल्या दोघा-तिघांना बाहेर कडुनिंबाखाली पाठवले. ब्रेकच्या कामाला निघताना मी अतिबारीक धूळ अडवणाऱ्या पी-१०० गाळणीचे दोन रबरी हाफ मास्क बरोबर ठेवतो. नाकावर बांधलेला दुपट्टा या तंतूंना अडवू शकत नाही आणि करोनाच्या काळातला साधा मास्कही या कामाचा नाही. विद्यार्थ्याला मात्र दाट दाढी होती, आणि दाढीवर रबराची कड नीट टेकत नाही, बाजूने हवा आत येते. पुतण्याच्या जावळासाठी राखलेली दाढी तो काढायला तयार नव्हता. त्याने थोडा वाद घातला, मग शेजारच्या दुकानात जाऊन ती काढून आला. मला त्याचे फार कौतुक वाटले.

काम स्वतः अगदी साधे होते. फवारणीच्या बाटलीत पाणी आणि भांड्याच्या साबणाचे काही थेंब घेतले, कारण नुसते पाणी भुकटीवरून घरंगळते आणि साबणाने ते आत मुरते. धार जोरात न सोडता हलका फवारा मारून थर पूर्ण भिजवला, खाली ट्रे ठेवला आणि ओल्या चिंध्यांनी पुसून काढले. एकदा पुसलेली चिंधी पुन्हा बादलीत न बुडवता ओली असतानाच जाड प्लास्टिकच्या पिशवीत टाकली. अमेरिकेत आठवड्याला ब्रेकच्या पाच जोड्यांपेक्षा अधिक काम न करणाऱ्या लहान गॅरेजला कामगार-सुरक्षेचा नियम हीच फवारा-आणि-पुसणे पद्धत वापरण्याची मुभा देतो. तिच्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. विदर्भातील मे महिन्यात मात्र एक गोष्ट पुस्तकात लिहिलेली नसते: भिजवलेला थर बघता बघता वाळतो. एक शू होईपर्यंत दुसरा कोरडा पडत होता, त्यामुळे दर थोड्या वेळाने पुन्हा फवारा मारावा लागला. शेवटी फरशी झाडली नाही, ओल्या पोछ्याने पुसली.

दुपारी मालक स्वतः आले. बरोबर एक पुठ्ठ्याचा खोका होता, त्याच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आतील लायनिंग कोरी करकरीत. "हा असल माल आहे मास्तर, आमच्या वडिलांनी नागपूरहून आणलेला. गाडी जशी होती तशीच झाली पाहिजे, हेच बसवा," असे ते म्हणाले. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या माणसाला या शब्दांचे मोल कळते आणि मलाही कळत होते. पण त्या दिवशी समोर आलेली सर्वांत धोकादायक वस्तू तो खोकाच होता. झिजलेल्या लायनिंगची भुकटी निदान बरीचशी भाजलेली तरी असते. कोऱ्या लायनिंगमधील सगळे तंतू जसेच्या तसे असतात. ती शूवर बसवायची म्हणजे रिव्हेटसाठी भोके पाडायची, कडा कानशीने उतरवायच्या आणि ड्रमच्या गोलाईला जुळेपर्यंत घासायची. ही तिन्ही कामे मूळ तंतू थेट कारागिराच्या तोंडासमोर मोकळे करतात.

मालकांशी मी बराच वेळ बोललो. ऑस्ट्रेलियात २००३ च्या ३१ डिसेंबरपासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, तिथे बाहेरदेशातून आणलेल्या जुन्या मोटारींचीही तपासणी होते आणि हौशी लोक गाडी जहाजावर चढवण्याआधी लायनिंग व गॅस्केट काढून टाकतात, आणि त्यामुळे गाडीचे मोल कमी झाले असे तिथे कोणी मानत नाही, हे त्यांना सांगितले. ब्रिटनने निळा व तपकिरी हे ॲस्बेस्टॉसचे प्रकार १९८५ साली आणि पांढरा १९९९ साली बंद केला. आपल्याकडे मात्र पांढरा ॲस्बेस्टॉस अजून आयात होतो आणि त्याचे सिमेंटचे पत्रे गावोगावी घरांवर चढतात. मालकांना या देशांच्या गोष्टींनी फारसा फरक पडला नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "घासणाऱ्या पोराला काही होईल का?" होऊ शकते, असे मी सांगितल्यावर त्यांनी खोका माझ्या हातात दिला. त्या जागी ॲस्बेस्टॉस नसलेली नवी लायनिंग, तयार मापाची, शूसकट मागवली, म्हणजे घासण्याचा प्रश्नच उरला नाही. खोका मात्र टाकायचा नाही, वडिलांची आठवण म्हणून वाड्यातच राहील, असा त्यांचा आग्रह होता. तो न उघडता दुहेरी जाड पिशवीत बंद केला, वर 'ॲस्बेस्टॉस, उघडू नये' असे ठळक लिहिले आणि त्यांच्या स्वाधीन केला.

संध्याकाळी पोराने मला बाजूला घेऊन विचारले, "म्हणजे आजवर जे नाकात गेले, त्याचे काय जी?" हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुस कडक होत जाणे), फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) हे आजार दिसायला वीस ते चाळीस वर्षे लागतात, गेलेले तंतू बाहेर काढण्याचा उपाय नाही, पण धोका एकूण किती धूळ गेली त्यावर वाढतो, म्हणून आज धूळ थांबवली तरी त्याचा फायदा होतोच. तो बिडी ओढतो. बिडी-सिगारेट आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक होतो, हे त्याला समजावून सांगितले. कामाचे कपडे घरी नेऊन आईला झटकायला देऊ नकोस, असेही बजावले. कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ॲस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान चाळीस वर्षे ठेवायला लावली आहे, पण दोन माणसांच्या गॅरेजसाठी अशी वही कोणी ठेवत नाही. म्हणून त्याने स्वतः वही सुरू केली: तारीख, गाडी, कोणता भाग उघडला. पुढे कधी डॉक्टरांपुढे बसायची वेळ आली, तर ती कामाला येईल.

निघता निघता शेडच्या कोपऱ्यात मला पांढरट, भुसभुशीत दोरीचे एक वेटोळे दिसले. सायलेन्सरवर गुंडाळायला ती जवळच्या एका बंद पडलेल्या राइस मिलमधून आणली होती. उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या जुन्या बॉयलरच्या पाइपांवरची ती दोरी होती. ती भिजवून, दोन पिशव्यांत बांधून कुलपात ठेवली. नागपूरजवळच्या बुटीबोरीला धोकादायक कचऱ्याचे केंद्र आहे, तिथे ती कशी पोहोचवायची याची चौकशी मी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करून सुरू केली आहे. पण तो बॉयलर अजून उभा आहे आणि पावसाळ्यानंतर तो भंगारात तोडायचा सौदा झाला होता. मिलच्या मालकांना भेटून, मजुरांनी ती दोरी कोरडी ओढून काढू नये, तोडण्याआधी ती भिजवून, बांधून वेगळी करावी, आणि तोवर मिलच्या अंगणात खेळणाऱ्या पोरांना आत सोडू नये, असे मी सांगून आलो. भंगारवाल्याने इसार दिला आहे, असे ते म्हणाले, तरी दिवाळीपर्यंत थांबण्याचे त्यांनी कबूल केले आहे.